रविवार नेमका कोणाचा? वाशीच्या बाजारातून दिसणारा कामाचा आठवडा

१/
दरवर्षी १० जून उजाडला की रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. ‘रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस’ एवढीच ओळख त्याखाली असते. ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. तिचा अपुरेपणा सर्वांत स्पष्ट कुठे दिसत असेल, तर तो नवी मुंबईत, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये. हा धागा त्या बाजाराचा आणि ‘कामाचा आठवडा’ या कल्पनेचा. #धागा

२/
१९४८ च्या कारखाने अधिनियमात ‘आठवडा’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे: शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होणारे सात दिवस. ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास, हेही त्याच कलमात सापडते. कायद्याच्या दृष्टीने मध्यरात्र ही एक शांत, रिकामी रेषा आहे. तिच्या अलीकडे एक दिवस, पलीकडे दुसरा.

भाजीपाला बाजारात नेमकी हीच वेळ सर्वांत गजबजलेली असते. नाशिक, पुणे, साताऱ्याकडून निघालेल्या गाड्या फाटकातून आत येतात, फळ्या पडतात, गोणी पाठीवर चढतात. उजाडेपर्यंत माल किरकोळ विक्रेत्यांच्या टेम्पोत गेलेला असतो. येथे काम करणाऱ्याचा ‘दिवस’ मोजायचा कोठून?

३/
आधी शब्दाकडे पाहणे उचित ठरेल. मराठीत सात दिवसांच्या गटाला ‘आठवडा’ म्हणतात, म्हणजे नावातच आठ. ही चूक नव्हे. दोन्ही टोके धरून मोजण्याची जुनी रीत आहे. बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत बोटे मोडली की आठ भरतात. फ्रेंच माणूसही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ म्हणतो, तेव्हा यात केवळ मराठी गंमत नाही.

४/
मोजणीचे टोक बाजार होता, हे महत्त्वाचे. आठवडे बाजार हा शब्द आजही जिवंत आहे आणि गावागावाचा वार ठरलेला आहे. पुण्यात तर सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावे पेठा आहेत. कारखाना येण्यापूर्वी या मुलखात वार हा मुख्यतः खरेदी-विक्रीचा आणि देवाचा होता. विश्रांतीचा हिशेब बहुधा तिथीने चाले: अमावास्येला औत न धरणे, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणे, कारागिरांनी अवसेला हत्यार खाली ठेवणे. वाराने काम आणि वारानेच सुट्टी, ही जोडी नंतरची आहे. ती भोंग्याबरोबर आली.

५/
मुंबईच्या कापडगिरण्यांत तास सूर्य ठरवत असे. पहाट ते सूर्यास्त. म्हणजे हिवाळ्यात दिवस आखूड आणि उन्हाळ्यात लांब, आणि त्याला सलग सुट्टी अशी नाहीच. रविवारी यंत्रे थांबत, ती बहुधा साफसफाईसाठी. आणि साफसफाईला हात लागत ते कामगारांचेच. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त मुलांना. प्रौढ स्त्री-पुरुषांबद्दल तो कायदा मूक होता.

६/
सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेला. साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या मुळातून पाहाव्यात: आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई.

७/
या यादीत रविवार हा एकटा नाही, ही गोष्ट सहसा सुटून जाते. आठवड्याची मर्यादा आणि दिवसाची मर्यादा, दोन्ही एकाच कागदावर मागितल्या गेल्या होत्या. एक मिळून दुसरी न मिळाल्यास काय होते, याची त्या कामगारांना चांगली कल्पना असावी.

८/
२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला सरकारी शिक्का बसला.

‘रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तोच मागितला’ अशी कथा फार लोकप्रिय आहे. ती गोड आहे. तरीही सरकारी कचेऱ्या ज्या दिवशी बंद, साहेब ज्या दिवशी चर्चमध्ये आणि यंत्रे ज्या दिवशी एरवीही थांबलेली, तोच दिवस मालकांकडून पदरात पाडून घेणे सर्वांत सोपे होते, हे रूक्ष कारण नजरेआड करू नये. खंडोबा कामगारांना पटवायला उपयोगी पडला असेल; मालकांपुढे हिशेबच मांडावा लागतो.

९/
आता पुढचे प्रकरण, जे १० जूनच्या पोस्टांमध्ये येत नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्त ही मर्यादा एका रात्रीत निरर्थक ठरली. कापडाला भाव होता, तेव्हा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. रविवार मात्र शाबूत होता! सुट्टी होती आणि माणूस सहा दिवसांत पिळून निघत होता. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची कमाल मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले.

१०/
१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे होते. परिषदेच्या पहिल्याच कराराने जगासाठी ४८ तासांचा आठवडा ठरवला. पण त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळे कलम घातले गेले: येथे ६० तास. उष्ण हवामान, मागास उद्योग, अशी कारणे तेव्हा दिली जात. कारण कोणतेही असो, जगाच्या आणि इथल्या आठवड्यात बारा तासांचे अंतर कागदोपत्री मान्य झाले. १९२२ चा कायदा ६० तासांचा, १९३४ चा ५४ तासांचा. ४८ चा आकडा १९४६ साली आला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना. आणि १९४८ च्या अधिनियमात तो कायम झाला. साठावरून अठ्ठेचाळीसवर यायला २४ वर्षे लागली.

११/
आता या साऱ्या कालपटात हमाल कुठे होता, हे विचारायला हवे.

मशीद बंदर, मांडवी, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथे घाऊक बाजार होते. गिरणी कामगार रविवारी घरी बसत होता, तेव्हाही धान्याची पोती, मसाल्याची पोती, कांद्याच्या गोणी कोणाच्या तरी पाठीवरून उतरतच होत्या. या माणसाला कारखान्याचा कायदा लागू नव्हता, कारण बाजार हा कारखाना नव्हे. दुकाने व संस्थांचा कायदा आला, त्याने पेढीवरच्या मेहताजीला साप्ताहिक सुट्टी दिली. पेढीच्या दारात पोते टाकणाऱ्याला दिली नाही.

१२/
याचे कारण कोणाचा दुष्टपणा नव्हे. ते व्यवहाराच्या रचनेतच दडलेले होते. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याची गाडी भरी. मजुरी नगावर किंवा वजनावर. मग त्याचा मालक कोण? तिघांपैकी प्रत्येक जण म्हणे, ‘माझा नाही.’ आणि तिघेही आपल्यापुरते खरे बोलत होते. मालकच नसेल तर हजेरीपट नाही, हजेरीपट नसेल तर आठवडा नाही, आणि आठवडाच नसेल तर त्यातून एक दिवस वगळायचा कसा?

कामाचा आठवडा कॅलेंडरवर नसतो, तो हजेरीपटावर असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लोखंड्यांच्या विजयाकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. गिरणी कामगाराकडे भांडायला ठरलेला मालक होता. हमालाकडे तेवढेही नव्हते.

१३/
सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे या गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली. घाटावरून आलेली ही माणसे. अनेकांचा मुक्काम गावकीच्या खोलीत, जिथे एका पथारीवर पाळीपाळीने झोपायचे. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आला, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा.

१४/
या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याची कल्पकता अजूनही पुरती ओळखली गेलेली नाही.

कायद्याने ‘मालक कोण’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा नाद सोडून दिला. त्याऐवजी मंडळ निर्माण केले. त्यात मालक, कामगार आणि सरकार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याची नोंदणी मंडळाकडे, कामगाराचीही मंडळाकडे. टोळीने माल उतरवला की व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार आणि भरपगारी रजा. महिन्याचा पगार कामगाराच्या हाती मंडळाकडून येतो.

१५/
अधिनियमाच्या कलम ३ मध्ये योजनेने कोणत्या बाबींचे नियमन करावे याची यादी आहे. तिच्यात मजुरीचे दर आहेत, कामाचे तास आहेत, साप्ताहिक व इतर सुट्ट्या आणि त्या सुट्ट्यांचे वेतनही आहे. १८९० पासून मोजले तर ७९ वर्षांनी हमालाच्या नावापुढे ‘साप्ताहिक सुट्टी’ हे शब्द कायद्यात उमटले.

पण ती सुट्टी निराळ्या नाण्यात आली. गिरणी कामगाराला मिळाला तो वार होता. माथाडीला मिळाला तो एक वाटा: त्याने उचललेल्या प्रत्येक गोणीच्या मजुरीवर बसणारा, थेंबाथेंबाने साठणारा विश्रांतीचा पैसा. गोण्या उचलल्या तरच साठणारा, हेही खरे.

१६/
यानंतर बाजार हलला. मुंबईतली गर्दी कमी करण्यासाठी घाऊक व्यापार खाडीपलीकडे नेण्याचे धोरण ठरले. १९८० च्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाटा वाशीला आला. मसाला, धान्य, आणि शेवटी फळे व भाजीपाला १९९० च्या दशकात. पाच बाजार, एकच समिती. सिडकोने कोपरखैरणे, घणसोली परिसरात माथाडींसाठी घरे बांधली. अण्णासाहेब मात्र हा सारा विस्तार पाहू शकले नाहीत. २३ मार्च १९८२ रोजी, मराठा समाजाच्या मागण्यांसाठी निघालेल्या मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. २५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीदिनी, माथाडींचा मेळावा भरतो.

१७/
पाचही बाजारांचा आठवडा सारखा नाही, आणि हे पाहायला कोणीही तरुण अभ्यासकाने एकदा तेथे जावे. मिरची, हळद, डाळ थांबू शकतात. म्हणून मसाला आणि दाणाबाजाराचे घड्याळ पेढीचे आहे, दिवसाउजेडीचे. पालेभाजी थांबत नाही. हापूस तर मुळीच थांबत नाही. हंगामात पेट्यांची आवक वाढली की फळबाजारातल्या टोळ्यांना वेळकाळ उरत नाही, आणि हंगाम सरला की त्याच टोळ्यांचे उत्पन्न उतरते. येथे आठवडा माणसाने ठरवलेला नाही, मालाच्या नासण्याच्या वेगाने ठरवला आहे. ४८ तासांचा कोणताही तक्ता या बाजारावर जसाच्या तसा बसवता येणार नाही.

१८/
मग मर्यादा कशाची? माथाडींनी तिचे उत्तर स्वतःच दिले आहे, आणि ते तासांत नाही.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, यावरून पुन्हा पुन्हा काम थांबले आहे. बाहेरच्या माणसाला हा क्षुल्लक हट्ट वाटतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘बाजार ठप्प’ अशी. पण ज्याची मजुरी वजनावर आहे, त्याने मर्यादा वजनावरच मागावी यात नवल काय? जुन्या काळी १०० किलोचे पोते एकट्याच्या पाठीवर जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या मर्यादेची शिफारस केली. गिरणीत जे स्थान साडेसहाच्या भोंग्याचे आणि सूर्यास्ताचे, तेच बाजारात ५० किलोचे आहे. मणक्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही एकाच कुळातले नियम आहेत.

१९/
या कायद्याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. व्यापाऱ्यांची तक्रार जुनी आहे: लेव्हीने खर्च वाढतो, आणि माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या उद्योगांच्या दारात उभ्या राहतात. दुसरी तक्रार खोटी नाही. २०२३ साली सरकारने याच कारणाने दुरुस्ती विधेयक मांडले आणि माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. खंडणीखोरांचा बंदोबस्त करताना मंडळाचाच कणा मोडू नये, ही संघटनांची भीती होती. ती अवास्तव म्हणता येत नाही, कारण मंडळ गेले की हमाल पुन्हा तीन व्यापाऱ्यांच्या मध्ये उभा राहतो आणि तिघेही ‘माझा नाही’ म्हणतात.

त्यातच २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला. माल बाहेरच्या बाहेर विकला गेला की गोणी फाटकातून आत येत नाही, आणि न आलेल्या गोणीवर लेव्ही बसत नाही.

२०/
अलीकडे आठवड्यावर मोठ्या आवाजात चर्चा चालू आहे. एका ज्येष्ठ उद्योजकाने २०२३ मध्ये तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला. २०२५ च्या प्रारंभी दुसऱ्या एका उद्योगप्रमुखाने आकडा ९० वर नेला. इकडे राज्य सरकारच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि आश्वासन दिले की आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील.

२१/
हे आश्वासन ऐकताना १९०५ आठवावे. तेव्हाही आठवड्याला हात लावला गेला नव्हता, फक्त दिवस लांबला होता. फरक आहे, हे मान्य: तेव्हा साप्ताहिक तासांची कमाल मर्यादा नव्हती, आज आहे. तरीही १८८४ च्या निवेदनात दिवस आणि आठवडा यांची स्वतंत्र मागणी का होती, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी खोडलेले नाही. बाराव्या तासाला यंत्रापुढे उभ्या असलेल्या हाताला पुढच्या शुक्रवारी सुट्टी आहे, हे ठाऊक असून उपयोग नसतो. अपघात त्या तासाला होतो.

२२/
आणि ७० की ९० हा वाद ज्यांच्यासाठी चालतो, त्यांना निदान मोजायला आठवडा आहे. नवी मुंबईच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी पिशवी लावून फिरणाऱ्या तरुणाला तो नाही. सकाळी एका ॲपची ऑर्डर, दुपारी दुसऱ्याची, मजुरी नगावर, आणि प्रत्येक ॲपचे म्हणणे एकच, ‘हा आमचा कर्मचारी नव्हे, भागीदार.’ मशीद बंदरचा हमाल ओळखू येतो ना?

२३/
सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या ॲपचालकांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्यात तर मंडळ आहे, नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क आहे. माथाडी मंडळाचा तोंडवळा त्यात स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात जन्मलेली कल्पना दुसऱ्या राज्याने उचलावी आणि मराठी वाचकाला तिचे मूळ गाव माहीत नसावे, हे काही भूषणावह नाही.

२४/
मात्र एक वस्तू वाटेत गळाली आहे. संहितेतल्या यादीत विमा आहे, आरोग्य आहे, वृद्धापकाळ आहे. साप्ताहिक सुट्टी नाही. आजारपणाची सोय झाली, म्हातारपणाची झाली, पण रविवारची नाही. माथाडींच्या लेव्हीत रजेचा वाटा धरता आला, तोही अशा धंद्यात जिथे मालक ठरत नाही, तास ठरत नाहीत आणि माल थांबत नाही. मग प्रत्येक पार्सलमागे रजेचे काही पैसे बाजूला पडावेत, यात तांत्रिक अडचण कोणती? कोणती गाडी, किती वाजता, किती नग, हे बाजारातल्या मुकादमाला वहीत लिहावे लागे. ॲपला ते सेकंदासकट आधीच ठाऊक असते. १९६९ च्या अधिनियमाचे कलम ३ मोजून काही ओळींचे आहे. नवा मसुदा लिहायला बसणाऱ्यांनी तेवढे समोर ठेवले तरी पुरे.